गायरानाची सभा

आबारावांनी ओसरीच्या भिंतीवर खडूने दोन आकडे लिहिले: ६८० आणि १००.

“पहिला आकडा गावच्या मतदारांचा,” समोर बसलेल्या साळूबाईंना ते म्हणाले. “दुसरा गणपूर्तीचा. ग्रामसभेला निदान शंभर माणसं हजर पाहिजेत. एक जरी कमी पडला तर ठराव होत नाही. म्हणून शुक्रवारी कुणी जायचंच नाही.”

“म्या जाते अन् तोंडावर सांगून येते, गायरान देयाचं न्हाई म्हून,” साळूबाई म्हणाल्या. “सरळ गोष्ट हाय.”

“तुम्ही गेलात की तुमचं डोकं मोजतात. बोला, भांडा, हजेरी वाढतेच.”

“मोठ्या साळेचं डोकं हाय तुमचं. माह्या शेळ्यायला विचारलं तर त्या म्हणतीन, जाऊन शिंगं मारावं.”

साळूबाईंना जमीन नव्हती. बावीस शेळ्या होत्या आणि त्या गायरानावर चरत होत्या. तेच साठ एकर एका कंपनीला भट्ट्यांची राख टाकायला हवे होते. पूर्वी असले निर्णय जालन्याला नाहीतर मुंबईला होत आणि गावाला ते यंत्रे आल्यावर कळत. या वेळी मात्र कागद आधी गावात आला होता. जिल्ह्याच्या कार्यालयाने गावाची संमती मागितली होती. ग्रामसभेच्या ठरावावाचून काही होणार नव्हते.

हा बदल आबारावांना मनापासून पटला होता. त्यांनी एकतीस वर्षे तंत्रनिकेतनात यांत्रिक रेखन शिकवले होते. छापील नियम हाती आला की निम्मे काम झाले, असा त्यांचा अनुभव. बदनापूरहून त्यांनी ग्रामसभेच्या नियमांची पुस्तिका आणली, गणपूर्तीचे वाक्य सापडताच त्याखाली पट्टीने रेघ मारली आणि पुस्तिका मिटली.

सगळ्यांनी सभेला जाऊन विरोध करावा, हा विचार त्यांनी केला नव्हता असे नाही. पण मत हात वर करून द्यायचे होते, आणि निम्म्या घरांतले कुणी ना कुणी त्या कंपनीत कामाला होते. कितीजणांचे हात उठतील? न जाण्याला मात्र धैर्य लागत नाही.

शुक्रवारी सभेला नऊ जण आले. सरपंच कल्याणने तासभर वाट पाहिली आणि सभा तहकूब केली. संध्याकाळी पारावर लोकांनी आबारावांना खुर्ची दिली.

दुसऱ्या दिवशी कल्याण स्वतः ओसरीवर आला. तो त्यांचाच विद्यार्थी. दोन विषय राहिले ते राहिलेच.

“सर, तुम्ही असं करून राह्यले तर माही पार फजिती हून राह्यली,” तो म्हणाला. “गावानं यावं, भांडावं. वरून अधिकार दिला गावाला, अन् गावच घरात बसलं.”

“अधिकार न वापरणं हाही अधिकारच आहे.”

“पुढच्या बुधवारी तहकूब सभा ठेवली. तिला तरी येऊ द्या लोकायला. हात जोडतो.”

“एकही माणूस येणार नाही. लिहून घे.”

कल्याणने भिंतीवरचे आकडे थोडा वेळ वाचले. “तुमचा शब्द कोण मोडणार,” असे म्हणून त्याने चहा संपवला आणि तो उठला.

मग आबारावांनी बुधवारची आखणी आणखी काटेकोर केली. गल्लीवार तक्ता केला. नऊ जण गेले होते त्यांतल्या तिघांना घरी जाऊन समजावले. कापसाची वेचणी सुरू होती; बायकांना सकाळीच शेतात धाडायचे ठरले. ते स्वतः ग्रामपंचायतीच्या वळणावर लिंबाखाली खुर्ची टाकून बसले.

साडेदहाला साळूबाई काठी टेकत आल्या. नवे लुगडे नेसल्या होत्या.

“मागल्या टायमाला ऐकलं तुमचं,” त्या म्हणाल्या. “आज जाऊ द्या, सर. मनाला बरं वाटून न्हाई राह्यलं. मह्यासंग पाराजवळ पंधरा-वीस जणी हायेत. त्या म्हणल्या, तू गेली तर आम्ही येतो. आमच्यामागं गल्ल्या निघतीन.”

“म्हणूनच तुम्ही जायचं नाही. तुमच्यामागे गल्ल्या निघाल्या तर शंभर भरायला कितीसा वेळ? तुमच्याच पायांनी गायरान जाईल.”

साळूबाईंनी ग्रामपंचायतीच्या दाराकडे पाहिले. “तुम्ही शिकेल माणूस,” त्या म्हणाल्या. पाराकडे वळून त्यांनी हात हलवला. बायका पांगल्या. साळूबाई तिथेच खुर्चीजवळ मातीत बसल्या.

सभा वीस मिनिटांत संपली. आधी कल्याण बाहेर आला. तो सरळ लिंबाखाली आला आणि वाकून आबारावांच्या पाया पडला. हरलेल्याची ही रीत आबारावांना आवडली. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

मागून ग्रामसेविका सुमेधा रजिस्टर छातीशी धरून आली.

“किती आले?” आबारावांनी विचारले.

“सहा, सर.”

“ऐकलंत, साळूबाई? सहा.” मग ते सुमेधाकडे वळले. “म्हणजे पुन्हा तहकूब. आता तारीख कोणती?”

सुमेधा गोंधळली. तिने कल्याणकडे पाहिले. तो गाडीला किक मारत होता.

“तारीख नाही, सर. गणपूर्तीची अट पहिल्या सभेलाच असते. तहकूब झालेल्या सभेला ती लागत नाही. जेवढे येतील तेवढ्यांचा ठराव तो गावाचा ठराव. तुम्हाला माहीत असेल असंच मला वाटलं होतं.”

तिने रजिस्टर उघडले आणि नुकतीच लिहिलेली नोंद त्यांना वाचून दाखवली.

“हजर सहा. गायरान देण्याच्या बाजूने सहा. विरोधात निरंक.”