तर्पणातली नावे

सर्वपित्री अमावास्येला गुरुजींनी विचारले, "प्रपितामहांचे नाव?"

"जनार्दन," दिनकरराव खासनीस अचूक उत्तरले. सुनेचे डोळे भरून आले. मेंदूतील पेशींना आपला मळ आपणच उपसायला लावणाऱ्या गोळ्यांनी सात महिन्यांत सासऱ्यांची हरपलेली स्मृती परत आणली होती.

"भामिनीताई, तुमचेच हे उपकार!" ती परिचारिकेला म्हणाली.

दिनकररावांचा हात मात्र थांबेना. तिळोदक सोडीत ते पुढे उच्चारू लागले, "रघुनाथ शेलार... हुसेन मुजावर..." दिनकररावांच्या कारखान्याच्या आगीत, त्यांच्याच आज्ञेने कुलूपबंद ठेवलेल्या दारामागे जळालेले ते कामगार. आरोपीला काहीच आठवत नाही, म्हणून न्यायालयाने खटला स्थगित केला होता.

"...यशवंत तोरणे."

ते भामिनीच्या पतीचे नाव होते. ते ऐकण्यासाठीच तिने ही नोकरी मागून घेतली होती.

दिनकररावांनी हात जोडले. "ताई, ती गोळी आता पुरे. मला विसरू द्या."

"छे, काका!" भामिनीने शांतपणे गोळी पुढे केली. "आधी ही घ्या, उपाशीपोटीच लागू पडते. सोमवारी खटला पुन्हा उभा राहतोय; न्यायाधीश विचारतील, तेव्हाही नावे अशीच स्पष्ट उच्चारा."