दशकाचा गठ्ठा

वर्गाच्या कपाटात गणिताचं साहित्य हवं म्हणून कल्याणीबाईंनी तिसरीच्या मुलांना घरून कागदाच्या नळ्या करून आणायला सांगितल्या होत्या. दहा नळ्या दोऱ्यानं बांधल्या की झाला दशकाचा गठ्ठा. बाकीच्यांच्या नळ्या वाकड्यातिकड्या, डिंकानं बरबटलेल्या. रचनाच्या मात्र घट्ट, एकसारख्या, टोकं नखानं दुमडलेली.

"कुणी केलं गं हे?"

"मीच, बाई."

बाईंचा विश्वास बसेना. निपाणीत बिड्या वळणाऱ्या बायकांच्या हातची सफाई त्यांना लांबून ओळखू यायची. त्यांनी गठ्ठा सोडला आणि नळ्या मोजल्या. पंचवीस भरल्या.

"आता सापडलीस! मी दहा सांगितल्या होत्या. पंचवीसचं असतं ते बिडीचं बंडल. तुझ्या आईनं सवयीनं बांधलंय हे, आणि तू माझ्या तोंडावर खोटं बोलतीस व्हय?"

टेबलावर पसरलेल्या नळ्या गोळा करत रचना हळूच म्हणाली,

"सवय माझीच हाय, बाई. आईची बोटं दिवाळीपास्नं वळत न्हाईत."