दारातला नळ

त्या दिवशी केराबाईची हाक आलीच नाही. गल्लीला जाग आली ती गिरणीच्या भोंग्याने, आणि तोवर नळ कोरडा झाला होता.

झालं! आधीच दुष्काळाचं साल. पाणी यायचं पहाटे, तेही जेमतेम. आज कुणाच्याच घरात घागर भरली नव्हती. नागम्मा रिकामी कळशी घेऊन दारात आली आणि तेलुगूत जे काही बोलली, ते तेलुगू न येणाऱ्यांनाही नीट कळलं. समोरच्या अंबुबाईने तर पदरच खोचला.

"म्हातारी झोपली बघा! सोताची भरून घेतली असंल आन् पडली असंल खुशाल. चला गं, इचारूच तिला."

अंबुबाईचा केराबाईवर राग होता, तो नळ आला तेव्हापासूनचा. गल्लीत नळ हवा म्हणून गुरुलिंगने महापालिकेत हेलपाटे घालून चपला झिजवल्या होत्या. हा गुरुलिंग चादरीच्या मागावर बसणारा माणूस, पण गल्लीचं काम म्हटलं की हातातला धोटा टाकून पळायचा. एकदाचा नळ मंजूर झाला आणि खरी गंमत तिथून पुढे सुरू झाली. नळ सगळ्यांना हवा होता. आपल्या दारात मात्र कुणालाच नको. चिखल, डास, भल्या पहाटेचा कालवा आणि घागरी आपटून होणारी भांडणं कोण अंगावर घेणार? मारुतीच्या देवळात बैठक बसली. जो तो शेजाऱ्याच्या दाराकडे बोट दाखवायला लागला. तेव्हा मागे खांबाला टेकून बसलेली केराबाई म्हणाली, "माझ्या दारात घाला की."

तिच्या दारात दगडी कट्टा होता. तो रामहरीने, तिच्या नवऱ्याने, स्वतःच्या हाताने बांधलेला. रामहरी गिरणीत रात्रपाळीला जायचा. आदल्याच वर्षी तो घरात एकटा असताना वारला. केराबाई तेव्हा माहेरी केमला गेली होती. गिरणीवाल्यांच्या वस्तीत दिवसा बंद असलेलं दार कुणी वाजवत नाही. आत रात्रपाळीचा माणूस झोपलेला असतो, त्याची झोप मोडायची नाही, ही तिथली रीत. रामहरीचं दारही कुणी वाजवलं नाही. केराबाई केमहून परत आली, तेव्हा पहिल्यांदा तिनेच ते वाजवलं.

त्याचा तो कट्टा तिने नळासाठी फोडू दिला. गल्लीला भरून आलं. अंबुबाई तेवढी म्हणाली, "दारात नळ म्हंजे पयली घागर हिचीच. लई हुशार हाय म्हातारी." केराबाईने ऐकलं आणि हसून सोडून दिलं.

आता खरं सांगायचं तर पहिली घागर तिने कधीच भरली नाही. नळाने फुसफुस केली की आधी ती हाका मारत गल्लीभर फिरायची. "नागम्मा, ऊठ! अंबू, पाणी आलं गं!" दारोदार, ज्याचं त्याचं नाव घेऊन. आतून 'ओ' आल्याशिवाय पुढच्या दाराला जायची नाही. मग सगळ्यांच्या मागे आपली घागर लावायची. गल्ली अशी सोकावली की आपापलं उठायचं असतं, हेच सगळे विसरून गेले.

तर पुढे अंबुबाई आणि मागे रिकाम्या घागरी, असा तो मोर्चा केराबाईच्या दारात येऊन थडकला. दार आतून बंद. अंबुबाईने कडी खडखडावली.

"केराआक्का! ए आक्का! पोरांना काय पाजू आता, माझं कपाळ?"

आतून काहीच नाही. तिने पुन्हा हाक मारली, पण या वेळी आवाज उतरला होता. नागम्माने फटीला कान लावला.

"अय्यो! कण्हायलीय ती!"

गुरुलिंगने खांदा लावून दार उचकटलं. केराबाई चुलीपाशी पडली होती. अंग तव्यासारखं तापलेलं, ओठ सुकलेले, तांब्या बाजूला लवंडलेला. क्षणापूर्वी पाण्यासाठी भांडायला निघालेल्या बायका धावत घरी गेल्या आणि माठाच्या तळाशी उरलंसुरलं होतं ते घेऊन आल्या. अंबुबाईने आपला पदर भिजवून तिच्या कपाळावर धरला. मग बाजेवर घालून तिला दवाखान्यात नेलं. माग त्या दिवशी बंदच राहिले, पण कुणी कुरकुरलं नाही. डॉक्टर म्हणाले, "बरं झालं लगेच आणलंत. दुपारपर्यंत तशीच पडून राहिली असती तर काही खरं नव्हतं."

ताप उतरला तेव्हा केराबाईने डोळे उघडले. उशाशी अंबुबाई, पायाशी नागम्मा, दाराशी गुरुलिंग. ती एकेकाकडे बघत राहिली. मग हात जोडून म्हणाली, "लई उपकार झाले रं बाबांनो."

अंबुबाईला ते सोसेना. तिने ते हात धरून खाली घेतले.

"हात जोडू नगं, आक्का. माझीच मला लाज वाटाय लागलीय. आमी तुला बघाय आलोच न्हवतो. पाणी हुकलं म्हून भांडाय आलो हुतो."

केराबाईच्या सुकलेल्या तोंडावर हसू आलं. फार दिवसांनी आलं असावं, असं ते हसू होतं.

"ठावं हाय की मला. आमच्या मालकांच्या दारात भांडायला सुदिक कुणी आलं न्हाय, अंबू. म्हून तर म्या नळ दारात मागून घेतला."