फिल्टर कुणाचा सरस

इंजिनाची ताकद मोजणाऱ्या रोलरवर चढवलेली आमची टर्बो गाडी जागच्या जागी किंचाळली आणि पडद्यावर आकडा आला: एकशे एकोणीस हॉर्सपॉवर. दादाच्या फोमच्या एअर फिल्टरने नुकतेच एकशे एकवीस दिले होते. म्हणजे माझा कॉटनचा फिल्टर हरला.

ज्याच्या फिल्टरने गाडी जास्त ताकद काढेल, त्यानेच उद्या घाटातल्या शर्यतीत ती चालवायची, असं आमचं ठरलं होतं. दादा तर हेल्मेट घालूनच गॅरेजभर मिरवत होता.

मला पटेना. मी फिल्टर उपसून उलटा केला आणि बघतच राहिले. खालच्या घड्यांत झेंडूचं अख्खं फूल चेपून बसलं होतं. आज खंडेनवमी. सकाळी आईने पान्या-हातोड्यांबरोबर फिल्टरचीही पूजा केली होती आणि आम्ही घाईघाईत ते खालून न बघताच बसवले होते.

फूल काढलं, फिल्टर बसवला, गाडी पुन्हा पळवली. एकशे तेवीस! दादाने हेल्मेट काढलं. मी गॅरेजच्या दारात उभ्या आईला उचलून गरागरा फिरवलं.

"अगं सोड, पडेन मी," आई हसत म्हणाली. "आणि त्याच्याही फिल्टरला वाहिलंय मी फूल. एका लेकराला द्यायचं आणि दुसऱ्याला नाही, असं कधी केलंय का मी?"

मी वळून पाहिलं. दादा आपला फिल्टर टेबलावर उलटा आपटत होता. झेंडूच्या पाकळ्या उडत होत्या आणि हेल्मेट पुन्हा डोक्यावर चढलं होतं.