दोघांची साखर

पहिली बाटली फुटली तेव्हा टेबलावर सूप होतं आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

तळघरातून बार उडाल्यासारखा आवाज आला. गोदलीव्हनं चमचा खाली ठेवला. तिची दोन्ही मुलं एकदम तिच्याकडे वळली. "आई, त्याला विचार..." असं टिल्डे म्हणाली, आणि "आई, तिला विचार..." असं वान्नेस. बापाला पुरल्या दिवसापासून बहीणभावाचं सगळं बोलणं असं आईच्या डोक्यावरून चालायचं. बियर शिजवायचं तांब्याचं पातेलं कुणी न्यायचं, यावरून वाजलं होतं. ते पातेलं अजून आईच्याच घरी होतं, म्हणून जत्रेसाठी बाबांची ब्लाँड, म्हणजे सोनेरी बियर, दोघांनी इथेच केली. एक शब्दही न बोलता.

दुसरी फुटली. खिडकीची काच थरथरली.

"आई, ताईसाहेबांना विचार, बाटल्या भरायच्या आधी पिंपात काही टाकलं होतं का?"

"त्याला सांग, साखरेचं पाणी टाकलं. बाबा टाकायचे तेवढंच. नाहीतर बाटलीत फेस काय आपोआप धरतो? याच्या लक्षात राहिलं असतं थोडंच!"

वान्नेसचा चेहरा सोललेल्या बटाट्यासारखा झाला. "साखर मी टाकली होती. त्या दिवशी सकाळीच."

"मग सांगायचं ना!"

"कुणाला? भिंतीला?"

"आई, बघ! आधी हाच बोलला माझ्याशी!"

"चुकून बोललो. परत घेतो."

तिसरी फुटली. लगेच चौथी.

"बोंबला आता," गोदलीव्ह म्हणाली. "त्या बाटल्यांच्या तळाशी काय आहे, ते तरी आठवतंय का?"

आठवत होतं. बाबांचं यीस्ट. लग्नाच्या आधीपासून बाबांनी ते एका बियरमधून दुसरीत, बरणीत घालून पोराबाळासारखं जपलेलं. शेवटची बरणी याच बियरमध्ये रिकामी झाली होती आणि पिंप टिल्डेनं घासून लख्ख केलं होतं. आता ते यीस्ट फक्त या बाटल्यांच्या बुडाशी होतं, पांढऱ्या सायीसारखं. दुसरीकडे कुठेच नाही.

दोघं जिन्यावरून धडधडत उतरली. वान्नेसच्या हातात ढालीसारखं कचऱ्याच्या डब्याचं झाकण. टिल्डेच्या डोक्यावर बाबांचं मोटरसायकलचं हेल्मेट, हातात ओपनर.

"झाकण वर धर. माझं तोंड उघडं पडतंय."

"ते कायमच उघडं असतं."

आतला दाब सोडायला टिल्डेनं एका बाटलीचं बूच जेमतेम सैल केलं. फेसाचा फवारा थेट छताला. बियर गेली, यीस्ट गेलं, बाटली आतून धुतल्यासारखी स्वच्छ. दुसरीचं तेच. तिसरी तिनं हात लावायच्या आतच उडाली आणि काचा झाकणावर ताडताड आदळल्या.

"हळू उघड ना, म्हशी!"

"तू ये पुढे! ये ना! मागून शिकवतोय मोठा!"

आवाज थांबले तेव्हा दोघांच्या केसांतून बियर निथळत होती. सगळीकडे काचा. फक्त उत्तरेच्या भिंतीतल्या गार कोनाड्यात एक बाटली शाबूत उभी होती. थंडीमुळे तिच्यातली साखर यीस्टनं अजून पुरती खाल्ली नव्हती.

ती वर आली, पण दोन हातांनी धरलेली. एक हात त्याचा, एक तिचा.

"सोड," वान्नेस म्हणाला.

"तू सोड. पातेलं ने, जा. ही माझी."

"पातेल्यात काय, तुझं डोकं शिजवू? यीस्ट नाही तर पातेलं काय कामाचं?"

"साखर दोनदा टाकताना सुचलं नाही ते?"

"दुसऱ्यांदा कुणी टाकली?"

"टेबलावर ठेवा," आई म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच त्यांनी ठेवली. तिनं कपाटातून बाबांचा ग्लास काढला, गोल पोटाचा. बूच उचललं, थोडं दाबून धरलं, पुन्हा उचललं. ग्लास तिरका करून ती ओतू लागली. बियर सोन्यासारखी आली, वर फेसाची जाड टोपी.

बोटभर उरलं की त्या घरात ओतणारा हात आपोआप थांबायचा. तळ बाटलीतच राहायचा, बरणीसाठी.

आईचा हात थांबला नाही. तिनं बाटली गोल फिरवली, तळाची साय सुटू दिली आणि सगळं ग्लासात उपडं केलं. सोनं गढूळ झालं.

"आई! यीस्ट!" दोघं एका सुरात ओरडली.

गोदलीव्ह उभ्यानंच प्यायली. घाई न करता, शेवटच्या थेंबापर्यंत. मग मनगटानं ओठावरचा फेस पुसला आणि आधी मुलाकडे, मग मुलीकडे पाहिलं.

"गोड आहे," ती म्हणाली. "दोघांचीही साखर लागतेय."