आधी खालून

"फांदी आधी कुठून कापायची?" भुजंगने विचारलं.

"खालून!" व्हरांड्यात बसलेली पाचवीची तीस मुलं ओरडली.

"कामून?"

"साल सोलू नये म्हणून!"

भुजंग खुश झाला. ताडकळसच्या या शाळेतल्या कडुनिंबाच्या तीन फांद्या विजेच्या तारेवर आणि वर्गाच्या पत्र्यावर झुकल्या होत्या. त्या काढायला तो आला होता. बत्तीस वर्षं झाडं छाटणारा माणूस आयता शाळेत आलाय, म्हणून रेणुकाबाईंनी मुलांना वह्या घेऊन बाहेर बसवलं होतं. भुजंगने एक हिरवी काडी सगळ्यांसमोर वरून मोडून दाखवली. ती लोंबली आणि सालीची पट्टी खालपर्यंत ओढत गेली.

"नखाजवळची कातडी ओढल्यावर कशी निघती? आग होती का न्हाई? म्हणून आधी खालून थोडी खाच घ्यायची. मग वरून करवत. मग कितीबी जड फांदी असू द्या, साल खाचेपाशीच तुटती."

पहिल्या रांगेतली पिंकी मान खाली घालून भराभर लिहीत होती.

भुजंग झाडावर चढला. खाली दोर धरायला त्याचा जुना जोडीदार सुगत होता. पहिली फांदी खालून खाच घेऊन काढली, दुसरीही तशीच. तोवर लाईनमन महारुद्र फाटकातून ओरडायला लागला.

"भुजंगराव, आटपा की! अकराला लाईट सोडायचीय. गिरणीवाले माझा जीव खायलेत."

"झालं, झालं!"

तिसरी फांदी मांडीएवढी जाड होती. तिला खालून खाच घ्यायची तर तिच्यावर पालथं पडून, हात खाली घालून करवत चालवावी लागणार होती. भुजंगचा खांदा भरून आला होता. त्याने करवत वरूनच लावली.

"दादा, खालून?" सुगतने हळूच विचारलं.

"तू दोर धर."

करवत निम्म्याच्या वर गेली आणि फांदी कडाडली. सुगतने दोर आवळला म्हणून ती पत्र्यावर आदळली नाही, डुलत डुलत खाली उतरली. पण जाताना सालीची पट्टी घेऊन गेली. खोडावर दीड हात लांब, ओलं, पांढुरकं लाकूड उघडं पडलं.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. एवढी मोठी फांदी कुठेही न लागता उतरली होती.

पिंकीने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिने हात वर केला.

"बाई, काकांनी खालून कापलीच न्हाई."

टाळ्या थांबल्या. रेणुकाबाईंनी वर पाहिलं. "असं का हो, भुजंगराव?"

वरून तीस चेहरे दिसत होते. सगळे त्याच्याकडेच बघत होते.

"ही फांदी येगळी हाय," भुजंग म्हणाला. "कधी कधी नुस्ती वरून कापली तरी चालतं."

"बघ," बाई पिंकीला म्हणाल्या. "त्यांना कळतं ना. उगीच मोठ्यांच्या चुका काढू नयेत."

पिंकीने खाली बघून वहीत आणखी काहीतरी लिहिलं.

भुजंग उतरायला लागला. खोडाशी लोंबणारी साल त्याच्या छातीला घासली. त्याने ती वर उचलून तळहाताने जागच्या जागी दाबली. हात काढताच ती परत खाली लोंबली. त्याने पुन्हा दाबली. मग तसाच खाली आला.

व्हरांड्यात चहा ठेवला होता. बाई म्हणाल्या, "पिंकी, आज आपण काय शिकलो ते वाच. सगळ्यांनी तिच्यामागं म्हणा."

पिंकी उभी राहिली.

"फांदी आधी खालून कापावी."

"फांदी आधी खालून कापावी," मुलं म्हणाली.

"मग वरून कापावी."

"मग वरून कापावी."

"कधी कधी नुसती वरून कापली तरी चालते."

"कधी कधी नुसती वरून कापली तरी चालते!" तीस गळ्यांतून ते मैदानभर गेलं. सुगत पाठमोरा उभा राहून दोर गुंडाळत होता. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

भुजंगने चहाचा कप तसाच खाली ठेवला.

"म्याडम, ते शेवटचं खोडायला सांगा."

"कोणतं?"

"वरून कापली तरी चालतं म्हणलो ते. चालत न्हाई. कधीच न्हाई."

बाई काही बोलायच्या आत तो झाडाकडे निघाला. मुलं वह्या घेऊन मागे गेली. त्याने लोंबती साल बाजूला धरली.

"हे बघा. हे माझ्या हातानं झालंय. ते लाईनमन घाई करायलेत म्हणून..." तो थांबला. "न्हाई, घाईमुळं न्हाई. मी कंटाळा केला. ही पोरगी बरोबर बोलली आन् मी तिलाच खोटं पाडलं."

मागच्या मुलांनी टाचा उंचावून ते उघडं लाकूड पाहिलं. एकाने त्याला बोट लावून बघितलं आणि चड्डीला पुसलं.

पिंकीने खाली बसून वही मांडीवर घेतली. पट्टी लावून शेवटची ओळ एका रेघेत खोडली. मग तिची पेन्सिल पानाच्या वरच्या कडेशी गेली आणि तिथेच थांबली. तिथे तिने लाल रंगाने, फुलांची वेल काढून लिहिलं होतं : माहिती सांगणारे – भुजंग काका.

तिने मान वर केली.

"काका, हे राहू देऊ का?"