पॅनेलांचं पांघरूण

गच्चीच्या शेवटच्या पायरीवर सूनबाईचा पाय जागीच थबकला. डोक्यावर रणरणतं ऊन, आणि अख्ख्या गल्लीला वीज देणारी सोलरची पॅनेलं चादरी पांघरून निवांत पडलेली. चादरी घरातल्याच. उडू नयेत म्हणून कडेने विटा ठेवलेल्या. आणि जिन्याच्या सावलीत, राखणीला बसावं तशा सासूबाई.

इतके दिवस ही पोर जिवाचं रान करत होती. गल्लीतल्या घराघरांतला दिवा याच गच्चीवरून जळायचा आणि बॅटरीच्या खोलीची किल्ली तिच्या कमरेला असायची. पण हल्ली जेवणं उरकायच्या आत सगळीकडे अंधार. तिने तारा तपासल्या, बॅटऱ्या पुसल्या, रोज सकाळी कारखान्यात जायच्या आधी पॅनेलं घासूनपुसून लख्ख केली. काही उपयोग नाही. शिंपी म्हणाला, हिच्याच घरात जास्त वीज ओढत असतील. कोपऱ्यावरच्या मास्तरांनी तर बाईमाणसाला हे झेपायचं नाही, असा निकालच देऊन टाकला. आज संध्याकाळी गल्ली जमणार होती आणि किल्ली दुसऱ्याच्या हातात जाणार, हे जवळपास ठरल्यातच जमा होतं. म्हणून ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून चोर पकडायला आली होती. तर चोर हा असा.

"आई, हे काय केलंत?"

सासूबाई दचकल्या नाहीत की काही नाही. उलट सरकून तिला सावलीत जागा करून दिली. कपडे वाळत घालताना काचेला हात लागला होता म्हणे, चांगलाच चटका बसला.

"एखादी काच तडकली असती तर सगळे तुलाच बोलले असते," त्या म्हणाल्या. "म्हटलं, तू येईपर्यंत आपण सांभाळावं. ऊन उतरलं की काढून ठेवते रोज."

सूनबाईला राग आला होता, खोटं कशाला सांगा. पण या बाईवर रागवायचं तरी कसं? ती शेजारी टेकली. ऊन हेच यांचं खाणं, दिवसा पोटभर मिळालं तरच रात्री दिवे लागतात, असं तिने सावकाश समजावून सांगितलं.

सासूबाईंनी पॅनेलांकडे वळून पाहिलं.

"अगंबाई," त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस उपाशी ठेवलं की मी त्यांना."

आणि गुडघ्यावर हात टेकत उठून एकेक चादर स्वतःच ओढून काढली.

संध्याकाळी मास्तरांनी घसा साफ करून बिघाड काय होता ते विचारलं. सासूबाई दारातच खाली मान घालून उभ्या होत्या. सूनबाईने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. पॅनेलांवर सावली पडत होती, ती आता काढलीय, एवढंच तिने सांगितलं. चार दिवस बघा आणि मग खुशाल किल्ली मागा. सावली कुणाची, ते शिंप्याने खोदून खोदून विचारलं. तिने दाद दिली नाही.

चौथ्या दिवशी जेवणं होऊन ओट्यांवर गप्पा रंगल्या, तरी दिवे जळतच होते. किल्लीचं नाव कुणी काढलं नाही. सूनबाई भांडी विसळत होती, तोवर सासूबाई काखेत चादरी घेऊन जिन्याशी येऊन उभ्या राहिल्या.

"आता रात्रीचं तर काही खात नाहीत ना ती?"

सूनबाईने ओले हात पुसले आणि चादरीचं दुसरं टोक धरायला त्यांच्या मागोमाग वर गेली.